सॉलिड अ‍ॅक्सलच्या रेस ट्रकला स्टेअरिंग कोणतं? बॉक्स की फुल हायड्रॉलिक?

कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत, किंग ऑफ द हॅमर्सच्या (वाळवंटातला वेग आणि दगडांवरची चढाई एकत्र असलेली शर्यत) धाटणीच्या शर्यतीत उतरायचं, पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड आस), ४० इंची टायर. तर बॉक्सला (दांड्यांनी चाकं वळवणारा स्टेअरिंगचा गिअरबॉक्स) मदतीचा रॅम (तेलाच्या दाबाने सरकणारा सिलिंडर) जोडावा की थेट फुल हायड्रॉलिक (चक्र आणि चाकं यांत फक्त तेलाचा दुवा) करावं, असं तुम्ही विचारलंय. आधी मला सांगा, पुढचा अ‍ॅक्सल जागेवर कशाने धरलाय?

पॅनहार्ड रॉड (चासीपासून येणारा, बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) असेल तर बॉक्स छान चालतो. फक्त ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे हवेत, म्हणजे दोन्ही एकाच कमानीत हलतात. शिवाय बेल्ट तुटला तरी चाकं हाताने वळतात; जड जातं, पण गाडी ताब्यात राहते. पण पुढे तिरक्या लिंकांचा फोर-लिंक (चार दांड्यांनी धरणारी रचना, पॅनहार्डशिवाय) असेल तर अ‍ॅक्सल सरळ वर-खाली जातो आणि ड्रॅग लिंक कमानीत फिरते. स्टेअरिंग घट्ट धरलेलं असतानाही प्रत्येक खड्ड्यात गाडी बाजूला ओढते. तिथे फुल हायड्रॉलिकच करा. रॅम अ‍ॅक्सलवरच बसतो आणि त्याच्याबरोबर हलतो, त्यामुळे बंप स्टेअर, म्हणजे खड्ड्यात चाकं आपोआप वळणं, उरतच नाही.

आता खरी चूक होते ती रॅम आणि ऑर्बिटल व्हॉल्व्हच्या जोडीत. ऑर्बिटल म्हणजे चक्र फिरवलं की रॅमला मोजून तेल देणारा व्हॉल्व्ह; त्याचे सीसी म्हणजे एका फेरीत जाणारं तेल. समजा दोन्हीकडे रॉड असलेला रॅम आहे: बोर (आतला व्यास) २.५ इंच, रॉड १.५ इंच, स्ट्रोक (सरकण्याचं अंतर) ८ इंच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला सुमारे ४१० सीसी तेल लागतं. १०० सीसीचा ऑर्बिटल लावला तर लॉक टू लॉक (एका टोकाच्या वळणापासून दुसऱ्यापर्यंत) चक्राच्या चार फेऱ्या, १६० सीसीचा लावला तर अडीचच्या थोड्या वर. दगडांत अडीच फेऱ्या हव्याहव्याशा वाटतात, पण कोरड्या तळ्यावर वेगात असताना तेच स्टेअरिंग फार चंचल होतं. मी तीन-सव्वातीनच्या आसपास थांबेन, म्हणजे साधारण १२५ सीसी. एकाच बाजूला रॉड असलेला रॅम स्वस्त पडतो, पण डावीकडे आणि उजवीकडे फेऱ्या वेगळ्या लागतात. शर्यतीच्या गाडीला तो नको. चाकांचा धक्का हातात जाणवावा असं वाटत असेल तर लोड रिअ‍ॅक्टिव्ह ऑर्बिटल घ्या, पण त्यालाही दोन्ही बाजूंनी सारखाच रॅम लागतो.

पंपाचाही हिशोब करा. १६० सीसीचा ऑर्बिटल सेकंदाला दीड फेरी फिरवलात तर मिनिटाला १४ लिटरच्या वर तेल हवं, आणि दगडांत इंजिन आयडलला असतं तेव्हाच हे लागतं. म्हणून पंपाचे आकडे आयडलचे मागा. कूलर आणि फिल्टर यांत काटकसर नको.

होसबद्दल अगदी कळकळीने सांगतो. आमच्या गाडीचा रॅमचा होस पूर्ण ड्रूपला (चाकं पूर्ण खाली लोंबत असताना) लिंकच्या बोल्टवर घासत होता. उभ्या गाडीत ते कधी दिसलंच नाही. वाळूच्या लांब पट्ट्यात तो फुटला, काचेवर तेल उडालं आणि स्टेअरिंगचं चक्र हातात नुसतं गरगर फिरू लागलं. पंप बंद पडला तर ऑर्बिटल हातपंपासारखं थोडं काम करतो, पण रॅमचा होस गेला की चाकांशी संबंधच संपतो. नशिबाने पुढे मोकळं मैदान होतं.

तेव्हा स्प्रिंग काढा, अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडा, मग पूर्ण वर दाबा, आणि दोन्ही वेळा दोन्ही लॉकला वळवून होस कुठे टेकतो ते हात फिरवून बघा. पुढच्या लिंकांचा फोटो आणि रॅमची मापं टाका, फेऱ्यांचा हिशोब मी करून देतो.