अमेरिकेत हिप्पींच्या कम्यून, म्हणजे सगळं सामायिक ठेवून एकत्र राहणाऱ्यांच्या वस्त्या, अजून आहेत का, की सत्तरच्या दशकातच सगळ्या बंद पडल्या?

आहेत. पण ज्या टिकल्या, त्या आपल्या डोळ्यांसमोर येतात तशा नाहीत.

मी व्हर्जिनियात, रिचमंडला राहतो. इथून गाडीने तासाभरावर लुइझा काउंटीत ट्विन ओक्स नावाची कम्यून आहे. १९६७ साली आठ जणांनी १२३ एकरांच्या तंबाखूच्या शेतावर सुरू केलेली. आज तिथे शंभराच्या आसपास माणसं राहतात. शनिवारी पाहुण्यांना फेरी मारून दाखवतात, तसे काही वर्षांपूर्वी आम्ही नवराबायको गेलो होतो. लांब केस, गिटार, धूर असं सगळं मनात धरून. केस होते. पण आम्हाला हिंडवणाऱ्या बाईंनी सगळ्यात आधी काय दाखवलं असेल, तर खिशातला घडी घातलेला कागद. त्या आठवड्याचं त्यांचं कामाचं पत्रक!

माझ्या मते सगळी गोम या पत्रकात आहे. प्रत्येकाने आठवड्याला साधारण ४२ तास भरायचे. ऐकून नोकरीच वाटते. पण गायींची धार काढणं आणि टोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) कारखान्यातली पाळी जशी तासांत धरतात, तसाच शंभर जणांचा स्वयंपाक, भांडी, पोरं सांभाळणंही धरतात. आजारी पडलात तर तेही तास मिळतात. जास्त भरलेले तास साठवून सुट्टी घेता येते. वय वाढलं की कोटा उतरतो. बदल्यात घर, जेवण, औषधपाणी, कपडे, सामायिक गाड्या आणि हातखर्चाला थोडे डॉलर. कमाई सगळ्यांची एकत्र.

ही कल्पना मुळात हिप्पींची नाहीच. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ‘वॉल्डन टू’ ही कादंबरी लिहिली, ती वाचून ही मंडळी जमली. सुरुवातीला त्यातल्याप्रमाणेच नावडत्या कामाला जास्त गुण, आवडत्याला कमी, असा हिशेब ठेवला होता. पण नावडतं काम कोणाचं कोणतं? भांडी घासणं एकाला शिक्षा वाटते, दुसऱ्याला विरंगुळा. शेवटी एक तास म्हणजे एक तास, मग काम कुठलंही असो, यावर सगळे आले. मुलांना आईबापांपासून वेगळं, सामुदायिक घरात वाढवायचा प्रयोगही पुढे सोडून दिला. चुकलं तर नियम बदलायचा, हे त्यांना जमलं.

तुमच्या मनातल्या कम्यूनचं काय झालं म्हणाल, तर कोलोरॅडोतली ड्रॉप सिटी १९६५ला सुरू झाली आणि सत्तरीच्या सुरुवातीला ओस पडली. दार सगळ्यांना उघडं होतं, येणाऱ्यांचे लोंढे झेपले नाहीत. टेनेसीतली ‘द फार्म’ १९७१ची. सॅन फ्रान्सिस्कोहून बसगाड्यांचा तांडाच तिथे येऊन वसला होता. तीही आहे, पण कर्ज डोक्यावर बसल्यावर १९८३ साली एकत्र पैशाची पद्धत मोडली आणि बरेच लोक निघून गेले. ट्विन ओक्समध्ये मात्र असं कोणालाही आत घेत नाहीत. आधी तीन आठवडे राहून काम करून दाखवायचं, मग बाकीचे ठरवणार.

त्यांच्या इमारतींना जुन्या कम्यूनची नावं आहेत, ओनायडा, हार्मनी वगैरे. यातल्या बऱ्याचशा कधीच बुडालेल्या! आपल्याकडे कोणी नव्या बंगल्याला दिवाळखोर पतपेढीचं नाव देईल का? मला तो विनोद फार आवडला.

आयकराचा किस्सा तर अस्सल अमेरिकन. एकत्र कमाईच्या धार्मिक संघांसाठी तिथे करकायद्यात सवलतीचं एक वेगळं कलम आहे. ट्विन ओक्सने ते मागितलं, तर आयकर खात्याचं म्हणणं, की तुम्ही दारिद्र्याचं व्रत घेतलेलं नाही. प्रकरण कर न्यायालयात गेलं आणि १९८६ साली न्यायालयाने सांगितलं, की अशा व्रताची अट कायद्यात नाही. जिंकले.

पोटापाण्याचं म्हणाल तर बरीच वर्षं मुख्य धंदा होता दोरीच्या हॅमॉकचा, म्हणजे दोन झाडांना बांधून आडवं व्हायचे ते झुले. जोडीला टोफू, आणि पुस्तकांच्या शेवटी येणारी शब्दसूची तयार करून देण्याचं काम. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने २००४ साली हॅमॉक घेणं थांबवलं तेव्हा मोठा फटका बसला, तेव्हापासून भर टोफूवर आला. पुढे मार्च २०२४ मध्ये वणवा लागला, त्यात हॅमॉकचं गोदामही जळालं.

आम्ही गेलो तेव्हा झुले विणणं चालू होतं. बायकोने तिथे बसून दोन-चार गाठी मारल्या आणि परतताना गाडीत विचारलं, ‘याचे मला किती तास?’