कासच्या ओल्या पठारावर पहिल्यांदा जाताना

सप्टेंबरमध्ये मधल्या वारी जा, नोंदणी आधीच ऑनलाइन करा आणि साताऱ्याहून सहा-साडेसहाला निघा. अंतर जेमतेम २५ किमी आहे.

चढ नाहीच, त्रास होतो तो पाण्याचा. खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरत नाही, साचतं. शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळव्याचे बूट हमखास घसरतात, म्हणून खोल खाचांचेच घाला. जादा मोज्यांची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोटच बरा. माणशी दीड लिटर पाणी पुरतं.

पठारावरच्या ‘राजमार्ग’ नावाच्या वाटेने कुमुदिनी तळ्यापर्यंत रमतगमत चाला. वाटेत ओलसर जागी उकिडवे बसा आणि दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती शोधा: इवलीशी लालसर पानं, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, एखाद्यात अडकलेलं चिलट. या मातीत नायट्रोजन कमी, म्हणून ही वनस्पती कीटक पचवते. शेजारी सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं दिसतील.

फोटोसाठी वाट सोडून आत पाऊल टाकू नका, अगदी एकही. तिथली माती बोटभर जाडीची. दबली की पुढच्या पावसात बी रुजायला जागाच उरत नाही. धुकं उतरलं तर सगळ्यांनी एकत्रच राहा.