'होप'नंतर वर्तमानकाळ आणि 'विश'नंतर भूतकाळ का येतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: 'आय होप ही हॅज टाइम' आणि 'आय विश ही हॅड टाइम' या दोन्ही वाक्यांत त्याच्याकडे आज वेळ असावा हीच इच्छा आहे, तरी एकात वर्तमानकाळ आणि दुसऱ्यात भूतकाळ का येतो? आणि नोकरीच्या अर्जात 'इफ आय गेट द जॉब' लिहावे की 'इफ आय गॉट द जॉब'? हे दोन प्रश्न वेगळे दिसत असले तरी त्यांचे उत्तर एकच आहे.

इंग्रजीत क्रियापदाचे भूतकाळी रूप केवळ काळ दाखवत नाही. ते अंतर दाखवते. हे अंतर कधी काळाचे असते, तर कधी वस्तुस्थितीपासूनचे. 'ही हॅड टाइम यस्टरडे' म्हटले की घटना कालची आहे, म्हणून ती दूर आहे. 'आय विश ही हॅड टाइम' म्हटले की घटना आजचीच आहे, पण ती प्रत्यक्षात नाही, म्हणून दूर आहे. 'होप' म्हणणाऱ्याला वेळ आहे की नाही हे ठाऊक नसते आणि तो असण्याची शक्यता त्याच्या मनात खुली असते. 'विश' म्हणणाऱ्याने वेळ नाही हे मान्य केलेले असते आणि तरीही तो असता तर बरे झाले असते, असे तो सांगत असतो. इच्छेची तीव्रता दोन्हीकडे सारखीच असू शकते. फरक पडतो तो बोलणाऱ्याच्या अपेक्षेत.

मराठी माणसाला हे अवघड जाते, आणि त्याला आपल्या भाषेची ठेवण कारण आहे. वास्तव अट सांगताना आपणच भूतकाळी रूप वापरतो: 'पाऊस आला तर आपण थांबू.' इथे 'आला' हे रूप भूतकाळाचे असले तरी पाऊस येण्याची शक्यता पुरती जिवंत आहे. तेच वाक्य मनातल्या मनात इंग्रजीत नेताना हात आपोआप 'इफ इट रेन्ड'कडे वळतो आणि इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र पाऊस येण्याची शक्यता कमी वाटते. दुसरी अडचण याच्या उलट दिशेने येते. अवास्तव अटीसाठी मराठीत संकेतार्थाचे खास रूप आहे, पण ते आज आणि काल यांत भेद करत नाही. 'आज माझ्याकडे वेळ असता तर मी आलो असतो' आणि 'काल माझ्याकडे वेळ असता तर मी आलो असतो' या वाक्यांत एकही क्रियारूप बदलत नाही. इंग्रजीत मात्र आजसाठी 'इफ आय हॅड टाइम टुडे, आय वुड कम' आणि कालसाठी 'इफ आय हॅड हॅड टाइम यस्टरडे, आय वुड हॅव कम' असे म्हणावे लागते. कालच्या वाक्यात काळाचे अंतरही आहे आणि वस्तुस्थितीपासूनचेही, म्हणून भूतकाळ दोनदा घ्यावा लागतो. ते दोनदा येणारे 'हॅड' हा छपाईचा दोष नाही.

शाळेत आपण झीरो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड असे चार कंडिशनल, म्हणजे अटीच्या वाक्यांचे चार प्रकार, शिकतो. परीक्षेसाठी ती विभागणी सोयीची आहे, पण तिच्यामुळे मूळ भेद झाकला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या 2002 साली केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात अटींचे दोनच मुख्य वर्ग केले आहेत: खुल्या आणि दूरच्या. खुल्या अटीत बोलणारा शक्यतेविषयी कोणताही कौल देत नाही. दूरच्या अटीत तो तसा कौल देतो आणि मुख्य वाक्यात 'वुड', 'कुड' किंवा 'माइट' येते. ही एवढी खूण पक्की केली की चार क्रमांक पाठ करण्याची गरज फारशी उरत नाही.

आता अर्जाचे पाहू. 'इफ आय गेट द जॉब, आय विल जॉइन इमीजिएटली' आणि 'इफ आय गॉट द जॉब, आय वुड जॉइन इमीजिएटली' ही दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत आणि दोन्ही भविष्याविषयीच आहेत. पहिले वाक्य लिहिणारा उमेदवार निवड होण्याची शक्यता खरी मानतो. दुसरे लिहिणारा स्वतःच ती दूर लोटतो, आणि वाचणाऱ्याला त्याला स्वतःचाच भरवसा नसल्याचा भास होऊ शकतो. म्हणून आपण पहिले वाक्य लिहावे. मुलाखत घेणारा मात्र 'व्हॉट वुड यू डू इफ अ क्लायंट रिफ्यूज्ड टू पे?' असेच विचारील, कारण तो एक कल्पित प्रसंग समोर ठेवत आहे. त्याचे उत्तरही 'आय वुड' असेच सुरू व्हायला हवे. तिथे 'आय विल' म्हटले तर अर्थ कळतो, पण प्रश्न आणि उत्तर एका पातळीवर राहत नाहीत. अट सांगणाऱ्या भागात 'वुड' घालण्याची सवयही सोडावी. 'इफ आय वुड गेट' हे प्रमाण लेखनात चालत नाही. 'इफ यू वुड वेट अ मोमेंट' यासारख्या विनंतीत ते चालते, कारण तिथे त्याचा अर्थ 'तयार असाल तर' असा असतो.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'इफ'नंतर भूतकाळ दिसला की अट अवास्तवच, असे समजू नये. 'इफ शी लेफ्ट ॲट सिक्स, शी इज होम बाय नाऊ' या वाक्यात 'लेफ्ट' हा खराखुरा भूतकाळ आहे: ती सहाला निघाली की नाही हे बोलणाऱ्याला माहीत नाही, पण निघाली असेल तर आता घरी असणार. मुख्य वाक्यात 'वुड' नाही, म्हणून अट खुलीच आहे. उलट बाजूने, दूरची अट म्हणजे हमखास खोटी अट असेही नाही. एखादा डॉक्टर रुग्णाचा अहवाल पाहून म्हणू शकतो की या माणसाला तो संसर्ग झाला असता तर अहवालात नेमकी हीच लक्षणे दिसली असती. इंग्रजीत हे वाक्य 'इफ ही हॅड हॅड द इन्फेक्शन' असेच सुरू होईल, तरी त्यातून संसर्ग झाला असावा याच बाजूचा पुरावा मांडला जातो. पुष्कळ पुस्तकांतल्या 'थर्ड कंडिशनल म्हणजे घडून न गेलेली गोष्ट' या व्याख्येत हा वापर बसत नाही.

'विश'कडे परत येऊ. आजची खंत सांगताना साधा भूतकाळ येतो: 'आय विश आय न्यू हिज नंबर.' कालची खंत असेल तर पूर्ण भूतकाळ येतो: 'आय विश आय हॅड आस्क्ड हिम.' दुसऱ्याने आपले वागणे बदलावे असे वाटत असेल तर 'वुड' येते: 'आय विश ही वुड लिसन.' या तिसऱ्या वाक्यात सहसा थोडी नाराजी असते, आणि ते स्वतःविषयी वापरत नाहीत, कारण स्वतःचे वागणे बदलणे आपल्याच हाती असते. 'आय विश यू विल गेट द जॉब' ही आपल्याकडे वारंवार होणारी चूक आहे. तिथे 'आय होप यू गेट द जॉब' म्हणावे. 'आय विश यू सक्सेस' मात्र शुद्ध आहे, कारण तिथे 'विश'नंतर वाक्य नसून नाम आहे आणि तो केवळ शुभेच्छेचा प्रकार आहे.

'इफ आय वर यू' मधले 'वर' पुष्कळांना खटकते. जुन्या इंग्रजीत अवास्तव गोष्टींसाठी क्रियापदांची वेगळी रूपे होती. कालांतराने शब्दांची अंत्याक्षरे झिजत गेली आणि ती रूपे साध्या भूतकाळात मिसळली. वेगळे उरले ते 'आय' आणि 'ही' यांच्यासोबत येणारे हे एकटे 'वर'. बोलण्यात 'इफ आय वॉज' सर्रास ऐकू येते, पण औपचारिक लेखनात 'वर' ठेवणेच इष्ट.

हेच भूतकाळी रूप नम्रतेसाठीही वापरतात. 'आय वॉज होपिंग यू कुड हेल्प' म्हणणाऱ्याची आशा संपलेली नसते. तो फक्त समोरच्याला नकार देण्याइतके अंतर ठेवतो.

आता वास्तव अपेक्षेचे उरलेले शब्द पाहू. 'एक्स्पेक्ट'मध्ये इच्छा असेलच असे नाही. त्यात अंदाज असतो आणि त्या अंदाजाला काही आधार असतो. 'आय एक्स्पेक्ट इट विल रेन' म्हणणाऱ्याला पाऊस हवा आहे, असे मुळीच नाही. पण 'आय एक्स्पेक्ट यू टू फिनिश इट टुडे' म्हटले की अपेक्षेची मागणी होते, आणि वरिष्ठांना पत्र लिहिताना ही रचना टाळावी. 'शुड'ने होणारी अपेक्षा सहसा हव्याशा गोष्टीचीच असते: 'द पार्सल शुड अराइव्ह टुमॉरो' हे स्वाभाविक वाटते, पण पार्सल हरवण्याचा अंदाज 'शुड'ने सांगितला तर ऐकणारा गोंधळतो.

सर्वांत फसवे आहे ते 'शुड हॅव'. 'शी शुड हॅव अराइव्ह्ड बाय नाऊ' याचा एक अर्थ 'एव्हाना ती पोहोचली असेल' असा निश्चिंत अंदाज आहे आणि दुसरा 'एव्हाना पोहोचायला हवी होती, पण पोहोचलेली नाही' अशी काळजी आहे. बोलताना सूर आणि प्रसंग यांवरून अर्थ कळतो, पण पत्रात सूर नसतो. म्हणून लिहिताना पहिला अर्थ हवा असेल तर 'शी हॅज प्रॉबब्ली अराइव्ह्ड' लिहावे, आणि ठरलेली गोष्ट झाली नाही असे सांगायचे असेल तर 'शी वॉज सपोज्ड टू अराइव्ह बाय फाइव्ह, बट शी हॅजन्ट' असे पूर्ण लिहावे.