डॅलसला येताय? बंदुकांबद्दल विचारलंत म्हणून

एच-वनबीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, टेक्ससमधल्या डॅलसला यायचं ठरतंय, मुलगी सहा वर्षांची, आणि 'तिथले बंदुकांचे कायदे कधी कडक होतील का?' असं तुम्ही विचारलंत, एकटं वाटेल का असंही. व्हिसा, विमा, घरभाडं सगळीकडे लिहिलेलं आहे, त्यात मी पडत नाही.

कायद्याच्या आशेवर येऊ नका. अमेरिकेच्या घटनेतल्या १७९१च्या दुसऱ्या दुरुस्तीत मिलिशियाही (नागरिकांचं सैन्य) आहे आणि शस्त्र बाळगण्याचा 'लोकांचा हक्क'ही. हा हक्क मिलिशियापुरता की प्रत्येकाचा, यावर इथे वर्षानुवर्षं कीस पडला. २००८च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो व्यक्तीचा ठरवला. २०२२च्या ब्रुएन निकालानंतर तर बंदुकीवरचं कुठलंही बंधन देशाच्या जुन्या परंपरेत बसतं का, ते सरकारने दाखवायचं. त्याच्या महिनाभर आधी इथल्याच, टेक्ससमधल्या युवाल्डेत शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या होत्या.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. नको असेल तर दुकानदाराने बोर्ड लावायचा. आमच्या इंडियन ग्रोसरीच्या दारावर तोरणाच्या खालीच कलम ३०.०६चा, म्हणजे परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत आणू नका असं सांगणारा बोर्ड आहे, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. त्याखाली मेथीच्या जुड्या.

तुम्हाला मात्र एच-वनबीवर बंदूक ठेवताच येणार नाही. शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीनकार्ड आलं की येते. आमचं आलं, आणि आयुष्यात उंदीर न मारलेला माझा नवरा 'एखादं असावं का घरात?' म्हणायला लागला. मी भांडले. पण तो टूरवर असला की रात्री मलाही तेच वाटतं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

एकटेपणाचं विचारलंत. मंडळात जा, गणपतीला मोदक वळायला बसा, होतं सगळं.

शाळेचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या लेकीच्या केजीत लॉकडाउन ड्रिल झालं, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर लपायचा सराव. दिवा बंद, कोपऱ्यात गप्प बसायचं. लेकीने विचारलं, 'मग टीचर कुठे लपणार?' त्यावर घरी चिठ्ठी आली, मूल जास्त काळजी करतं, समुपदेशकाला भेटा. भेटलो. त्यांनी रंगवायला चित्रं दिली. प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, मीसुद्धा नाही.

शाळा निवडताना रेटिंग बघालच. ड्रिलच्या आधी पालकांना कळवतात का, तेही विचारा. आणि मुलीला कुणाकडे खेळायला पाठवताना घरात बंदूक आहे का, कुलपात असते का, हे सरळ विचारायचं. इथे त्याचं सहसा कुणाला वाईट वाटत नाही. वाटलं तर पाठवू नका.