वाचकांचे प्रश्न : काउंटीतील गुन्ह्यांची आणि खटल्यांची कागदपत्रे कशी पाहावीत?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. अमेरिकेत राहताना एखाद्या व्यक्तीवर, किंवा स्वतःवरच, कधी गुन्हा दाखल झाला होता का, त्या खटल्याचे पुढे काय झाले आणि ते कागद सामान्य माणसाने कुठे पाहायचे, असे प्रश्न त्यांत आहेत. विषय नाजूक असल्याने पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग.)

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. घराचा मागचा स्वतंत्र भाग भाड्याने द्यायचा आहे. राहायला येऊ इच्छिणाऱ्या गृहस्थांचे नाव इंटरनेटवर शोधले, तेव्हा एका खासगी संकेतस्थळावर त्यांचा अटकेच्या वेळचा फोटो दिसला आणि आम्ही घाबरलो. काउंटीकडून त्यांचे संपूर्ण क्रिमिनल रेकॉर्ड मिळेल का?

‘संपूर्ण रेकॉर्ड’ नावाची एकच फाइल काउंटीच्या कोणत्याही कपाटात नसते, हे आधी लक्षात घ्यावे. अटक होते तेव्हा तुरुंगातील नोंद शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, कार्यालयात होते. गुन्ह्याचा अहवाल ज्या पोलिसांनी तपास केला त्यांच्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा शहराच्या पोलीस खात्याकडे असतो. खटला उभा राहिला तर त्याचे कागद कोर्टाच्या क्लार्ककडे, म्हणजे तेथील नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातात. या तिन्ही ठिकाणांचे नियम वेगळे आहेत आणि एका ठिकाणची नोंद पुढे काय झाले ते सांगेलच असे नाही. आपण पाहिलेला फोटो पहिल्या टप्प्यावरचा आहे. खासगी संकेतस्थळे तो तेथून उचलतात आणि खटल्याचा निकाल काय लागला हे पाहण्याची तसदी बहुधा घेत नाहीत.

म्हणून शोध क्लार्कच्या कार्यालयापासून सुरू करावा. टेक्सासमध्ये 254 काउंट्या आहेत. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले, डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांचे कागद डिस्ट्रिक्ट क्लार्क सांभाळतो. क्लास ए आणि क्लास बी मिस्डिमीनर, म्हणजे त्याहून सौम्य गुन्हे, काउंटी पातळीवरच्या कोर्टात चालतात आणि त्यांचे कागद बहुतेक काउंट्यांत काउंटी क्लार्ककडे असतात. केवळ दंडाची शिक्षा असलेली क्लास सी प्रकरणे जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक न्यायाधीशाच्या किंवा शहराच्या म्युनिसिपल कोर्टात सापडतात. भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे दावेही जस्टिस ऑफ द पीसच्याच कोर्टात चालतात आणि घरमालक या नात्याने आपल्याला खरे तर तीच नोंद अधिक उपयोगी पडेल. अनेक मोठ्या काउंट्यांनी ही माहिती संकेतस्थळावर ठेवली आहे. जेथे ती नाही, तेथे कार्यालयात जनतेसाठी ठेवलेल्या संगणकावर शोध घेता येतो.

त्या संगणकासमोर मी अनेकदा बसलो आहे आणि तेथे नवख्या माणसाची चूक कुठे होते ते मला ठाऊक आहे. आडनाव टाइप केले की ओळींची यादी येते. प्रत्येक ओळीत कॉज नंबर (म्हणजेच केस नंबर), आरोपाचे नाव आणि दाखल केल्याची तारीख असते. लोक आरोपाचे नाव वाचतात आणि उठतात. त्या ओळीवर क्लिक करून खाली गेले तर तारखांची रांग लागते. तारीख पुढे ढकलली की टेक्सासच्या नोंदीत ‘रिसेट’ असे लिहितात आणि अशा आठ-दहा ‘रिसेट’ ओळीमागून ओळ उतरत जातात. ‘डिस्पोझिशन’ म्हणजे खटल्याचा शेवट या सगळ्यांच्या तळाशी असतो. मी पाहिलेल्या एका नोंदीत वर मारहाणीचा आरोप होता आणि तळाशी ‘डिसमिस्ड’, म्हणजे खटला काढून टाकल्याची एका शब्दाची नोंद होती. तो एक शब्द न वाचता उठणारा माणूस दुसऱ्या एका माणसावर अन्याय करून उठतो, असे मला मनापासून वाटते. अटक झाली एवढ्यावरून त्या व्यक्तीने गुन्हा केला असे फारसे सिद्ध होत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1957 साली श्वेअर खटल्यात स्पष्ट केले आहे.

तळाशी ‘डिफर्ड ॲड्जुडिकेशन’ असे शब्द असतील तर थोडे अधिक थांबावे. येथे आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा आरोपाला विरोध करत नाही. न्यायाधीश मात्र त्याला दोषी न ठरवता काही काळ देखरेखीखाली ठेवतात आणि त्याने अटी पाळल्या तर खटला संपवतात. नोंद मात्र आपोआप पुसली जात नाही. ती लोकांपासून झाकायची असेल तर कोर्टाकडून वेगळा आदेश घ्यावा लागतो.

पोलिसांचा अहवाल हवा असेल तर टेक्सासच्या पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली, म्हणजे माहितीच्या कायद्याखाली, पोलीस खात्याकडे लेखी मागणी करता येते. तपास चालू असला तरी अटक झालेली व्यक्ती, अटक आणि गुन्हा यांविषयीची मूलभूत माहिती खात्याला द्यावी लागते. हा कायदा कोर्टांना लागू नाही, त्यामुळे क्लार्कला त्या कायद्याचा हवाला देऊन पत्र लिहिण्यात अर्थ नाही. क्लार्ककडे केस नंबर घेऊन जावे आणि नक्कल मागावी.

भाडेकरूची चौकशी करणाऱ्या कंपनीमार्फत अहवाल मागवणार असाल, तर 1970 चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट लागू होतो. त्या अहवालावरून नकार दिला, तर तसे त्या गृहस्थांना कळवणे आणि अहवाल कोणत्या कंपनीचा होता ते सांगणे बंधनकारक आहे. त्याआधी सर्वांत सोपी गोष्ट करावी. गृहस्थांना समोर बसवून त्या फोटोविषयी विचारावे आणि उत्तर कोर्टाच्या नोंदीशी ताडून पाहावे.

प्रश्न : कॅलिफोर्नियात आमच्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या संकेतस्थळावर दिवाणी दाव्यांचे कागद दिसतात, पण फौजदारी खटल्यांचे कागद उघडत नाहीत. ते लपवून ठेवले आहेत का?

लपवलेले नाहीत, फक्त घरबसल्या दिले जात नाहीत. कॅलिफोर्नियाच्या 58 काउंट्यांपैकी प्रत्येकीत एक सुपीरियर कोर्ट आहे आणि राज्याच्या कोर्ट नियमांतील नियम 2.503 नुसार फौजदारी खटल्यांतील कागद सर्वसाधारण जनतेला कोर्टाच्या इमारतीतच दाखवायचे असतात. कौटुंबिक प्रकरणांचेही तसेच आहे. हे कागद गावभर सहज फिरू नयेत, पण ज्याला खरोखर गरज आहे त्याला ते पाहता यावेत, असा तोल त्या नियमात साधलेला आहे. 2021 साली रिव्हरसाइड काउंटीविषयीच्या एका प्रकरणात तेथील अपील कोर्टाने त्यापुढे जाऊन, जन्मतारीख किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर टाकून आरोपींची यादी गाळून घेण्याची सोय कोर्टाने संकेतस्थळावर देऊ नये असे ठरवले. त्यामुळे एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळे ओळखणे आता अवघड झाले आहे आणि ही अडचण मी कमी लेखत नाही.

आपण प्रत्यक्ष जावे. पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत. साध्या प्रतीला पानामागे 50 सेंट आणि प्रमाणित करण्यासाठी 40 डॉलर आकारले जातात. क्लार्कला शोधायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर 15 डॉलर वेगळे द्यावे लागतात, म्हणून केस नंबर आधी काढून नेलेला बरा.

प्रश्न : विद्यार्थी असताना न्यू जर्सीत माझ्यावर दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप आला होता. दंड भरला आणि वकिलांनी प्रकरण मिटले असे सांगितले. आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. काउंटीच्या सुपीरियर कोर्टात चौकशी केली, तर माझ्या नावावर काहीच नाही असे कळले. मग अर्जात ‘नाही’ असे लिहावे का?

असे मुळीच लिहू नका. आपले पत्र वाचून काळजी वाटली, म्हणून याचे उत्तर सविस्तर देत आहे.

आपल्याला नोंद मिळाली नाही याचे कारण बहुधा इतकेच आहे की आपण चुकीच्या खिडकीवर चौकशी केली. न्यू जर्सीत 200 डॉलरपेक्षा कमी किमतीच्या वस्तूच्या चोरीचा आरोप ‘डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स’ या वर्गात मोडतो आणि असे खटले काउंटीच्या सुपीरियर कोर्टात न जाता त्या त्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालतात. ते दुकान ज्या हद्दीत होते त्या गावाचे कोर्ट शोधा. आपण तेव्हा राहत होता ते गाव आणि दुकानाचे गाव वेगळे असू शकते. जाताना पासपोर्ट किंवा ओळखपत्र, त्या वेळचा पत्ता, घटनेचा अंदाजे महिना आणि हाती असेल तर समन्सचा नंबर न्या. आपले नाव तेव्हा कोणकोणत्या पद्धतीने लिहिले गेले असेल त्याची चिठ्ठीही करून न्या. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. अमेरिकन कारकून कधी ते गाळतो, कधी पहिल्या नावाला जोडतो आणि कधी तेच आडनाव समजून नोंदवतो. ‘देशपांडे’ किंवा ‘क्षीरसागर’ यांची इंग्रजी स्पेलिंगे किती प्रकारे होतात हे आपल्याला सांगायला नको. नोंद नाही असे उत्तर आले तर सर्व रूपांनी पुन्हा शोधायला लावा.

मागायचे काय, तर ‘सर्टिफाइड डिस्पोझिशन’, म्हणजे निकालाची सही-शिक्क्याची नक्कल. संकेतस्थळावरून छापलेला कागद किंवा वकिलांचे पत्र नागरिकत्वाच्या कामात तिची जागा घेत नाही. फाइल जुनी म्हणून नष्ट झाली असेल, तर शोध घेतला पण रेकॉर्ड उपलब्ध नाही, असे कोर्टाचे प्रमाणित पत्र घ्या. ते पत्रही पुरावा म्हणून चालते.

एन-400 या नागरिकत्वाच्या अर्जातील प्रश्न केवळ शिक्षेविषयी नाहीत. अटक, आरोप, समन्स हे सगळे त्यांत येते आणि नोंद सील केली असली किंवा पुसून टाकली असली तरी ती सांगावी लागते. शिवाय इमिग्रेशन कायद्यातील ‘कन्व्हिक्शन’ची व्याख्या राज्याच्या कायद्याहून व्यापक आहे. आपण गुन्हा कबूल केला असेल आणि त्यावर काही दंड किंवा बंधन आले असेल, तर राज्याच्या दृष्टीने मिटलेले प्रकरणही तेथे दोषसिद्धी धरले जाऊ शकते. म्हणून नक्कल हाती आल्यावर, अर्ज पाठवण्यापूर्वी, ती इमिग्रेशनच्या वकिलांना दाखवा. लहानसे प्रकरण प्रामाणिकपणे मांडले तर पुष्कळदा पार पडते. लपवल्यास तेच खोटेपणाचे प्रकरण होऊन बसते.

अशाच परिस्थितीतील इतरांसाठी एक सूचना : नोंद पुसून घेण्याचा अर्ज करण्यापूर्वी निकालाच्या दोन-तीन प्रमाणित नकला काढून घरी जपून ठेवा. नोंद पुसल्यावर ती देणे क्लार्कला कठीण होऊन बसते, आणि इमिग्रेशन मात्र ती मागतच राहते.

प्रश्न : पुतणीसाठी व्हर्जिनियातील एक स्थळ आले आहे. मुलाचा पूर्वी घटस्फोट झाला आहे असे कानावर आले. मी दुसऱ्या राज्यात राहतो. मला काउंटीकडून माहिती मिळेल का?

व्हर्जिनियाचा सरकारी माहिती मागण्याचा कायदा मुख्यतः त्या राज्याच्या नागरिकांसाठी आहे आणि असे बंधन घालणे घटनाबाह्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मॅकबर्नी विरुद्ध यंग या खटल्यात दिला. आपल्याला मात्र त्या कायद्याची गरज नाही, कारण कोर्टातील नोंदी पाहण्याचा मार्ग वेगळा आहे. राज्याच्या न्यायसंस्थेच्या संकेतस्थळावर नावावरून मोफत शोध घेता येतो. मिस्डिमीनर आणि वाहतुकीची प्रकरणे जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात असतात. फेलनी आणि घटस्फोट सर्किट कोर्टात असतात. येथे एक खाच आहे. व्हर्जिनियात 95 काउंट्यांशिवाय 38 स्वतंत्र शहरे आहेत आणि ती कोणत्याही काउंटीत मोडत नाहीत. फेअरफॅक्स शहर आणि फेअरफॅक्स काउंटी या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून एकाच काउंटीत शोधून थांबू नये.

घटस्फोटाची नोंद सापडली तर तिला गुन्ह्यासारखे वागवू नये, एवढी विनंती आहे. मुलगा ही गोष्ट आपण होऊन सांगतो की नाही, यालाच माझ्या मते अधिक महत्त्व द्यावे.

प्रश्न : नोकरी जवळजवळ पक्की झाली होती, पण पार्श्वभूमीच्या तपासणीत माझ्याच नावाच्या दुसऱ्या कोणाची फेलनी माझ्या अहवालात आली. आता काय करू?

नोकरी देणाऱ्या कंपनीने नकार देण्यापूर्वी आपल्याला अहवालाची प्रत आणि आपल्या हक्कांचे पत्रक द्यायला हवे होते. ते मिळाले नसेल तर आजच लेखी मागा. प्रत हाती आल्यावर त्यातील काउंटीचे नाव आणि केस नंबर पाहा, आणि त्याच क्लार्ककडून त्या खटल्याच्या आरोपपत्राची प्रमाणित नक्कल काढा. तिच्यात आरोपीची जन्मतारीख किंवा शारीरिक वर्णन असेल, तर हा माणूस आपण नव्हे हे त्या एका कागदावरून दाखवता येते. ती नक्कल जोडून तपासणी करणाऱ्या कंपनीकडे लेखी हरकत नोंदवा. तिला साधारणपणे 30 दिवसांत फेरतपासणी करावी लागते. नोकरी देणाऱ्या कंपनीलाही त्याच दिवशी कळवा आणि निर्णय तोवर थांबवण्याची विनंती करा.

खटला काउंटीचा नसून फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाचा निघाला तर काउंटीचा क्लार्क काहीच मदत करू शकणार नाही. ते कागद ‘पेसर’ या फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन यंत्रणेवर असतात. पानामागे 10 सेंट आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त 3 डॉलर लागतात. तिमाहीचे बिल 30 डॉलरपर्यंतच राहिले तर तेही माफ होते, म्हणजे आपल्या कामाला बहुधा काहीच खर्च येणार नाही.