उशिरा आलेला ओलाजुवॉन आणि दादरचा खोखोपटू

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. पाचवीपासून शाळेच्या टीममधून खोखो खेळला, आणि आता अचानक बास्केटबॉलचं वेड लागलंय. कोर्टवरचे एक सर म्हणाले, उशीर झाला, या खेळाला आठव्या-नवव्या वर्षी यावं लागतं. तर हा मला कोणा हकीम ओलाजुवॉनचे जुने व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो यानेपण पंधराव्या वर्षीच सुरू केलं होतं. खरं आहे का हे? वर महागडे बूट पण हवेत म्हणे. – एक आई, दादर

उत्तर : ताई, मुलगा खरं बोलतोय. अमेरिकेत बास्केटबॉल गाजवलेला ओलाजुवॉन १९६३ साली नायजेरियात लागोसला जन्मला, आईवडिलांचा सिमेंटचा धंदा, आणि पोरगा फुटबॉलमध्ये गोलकीपर आणि त्याशिवाय हँडबॉल. बास्केटबॉल हातात आला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास. १९८० मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन युनिव्हर्सिटीत गेला, पहिलं वर्ष मॅचच खेळला नाही, आणि तिथून चार वर्षांत एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये (टीम आपापल्या नंबरने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या नंबरवर उचलला गेला.

आता उंचीचं आधीच सांगते, कारण ते लपवून उपयोग नाही. तो जवळपास सात फूट होता आणि ते काही प्रॅक्टिसने मिळत नाही. पण त्या काळात सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच गडी, बरेच होते हो, त्यांच्यात हा वेगळा दिसायचा तो पायांमुळे. बास्केटकडे पाठ करून बॉल घ्यायचा, एका खांद्याने हुलकावणी द्यायची, समोरचा तिकडे झुकला की दुसरीकडे वळायचं, तो सावरून परत आला की शॉट मारतोय असं दाखवायचं आणि त्याने उडी मारली की खालून निघून जायचं. याला ड्रीम शेक म्हणतात. आणि हे पाय कुठून आले तर फुटबॉल आणि हँडबॉलमधून, हे तो स्वतः सांगत आलाय.

म्हणून तुमच्या मुलाची खोखोची वर्षं वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही. पाठलाग करणाऱ्याला चकवा देऊन खांबाला वळसा घालणं, वाकलेल्या अंगाने झटकन दिशा बदलणं, हे ज्याच्या पायात मुरलंय त्याला डिफेन्समध्ये सरकायला शिकवावं लागत नाही. शिकावं लागेल ते बॉल हाताळणं, शूटिंग आणि उडी मारून नीट उतरणं, गुडघे तिथेच जातात. त्याला रोज दोन्ही हातांनी ड्रिबल करायला, म्हणजे बॉलचे टप्पे मारत पळायला लावा, डाव्या हाताने जास्त.

आणि अजून एक, ओलाजुवॉनच्या गोष्टीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. कॉलेजमध्ये त्याने कोचना विचारलं की मला जास्त वेळ खेळायला मिळावं म्हणून काय करू, तर त्यांनी त्याला मोझेस मॅलोनबरोबर खेळायला सांगितलं. मॅलोन तेव्हा एनबीएतला एक नंबरचा सेंटर, ताकदीने बैल, आणि हा कॉलेजचा पोरगा उन्हाळाभर ह्यूस्टनच्या एका पब्लिक जिममध्ये त्याच्याकडून मार खात राहिला. तुमच्या मुलालाही वयाने मोठ्या, चांगल्या पोरांत खेळू द्या. रविवारी दादरहून नागपाड्याला जायला किती वेळ लागतो? तिथल्या कोर्टांवर पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल चाललाय, सुरुवातीला तिथे बाकावर बसून नुसता बघत राहिला तरी शिकेल.

बुटांचं म्हणाल तर ओलाजुवॉनने ऐन भरात असताना स्वतःच्या नावाचे बूट मुद्दाम स्वस्त ठेवले होते, गरीब घरच्या मुलांना घेता यावेत म्हणून. घोटा धरून ठेवणारा आणि कोर्टवर न घसरणारा बूट घ्या, ब्रँड राहू दे.

प्रश्न : १९८४ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनच्या एनबीए टीमने मायकेल जॉर्डनला सोडून ओलाजुवॉन घेतला, ही चूकच ना? तो दोनदा जिंकला तेही जॉर्डन नसताना. – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही काका, बिलकुल पटत नाही. जॉर्डनला सोडल्याचं दुःख करायचं तर पोर्टलँडने करावं, त्यांनी दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी घेतला, ज्याचा पाय कॉलेजमध्येच दुखावलेला होता. ह्यूस्टनला त्यांच्या माणसाने १९९४ आणि १९९५ अशी दोन टायटल्स दिली. १९९४ मध्ये तर तो सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), बेस्ट डिफेंडर आणि फायनलचा एमव्हीपी, तिन्ही एकाच सीझनमध्ये, असं तोवर कुणालाच जमलं नव्हतं.

आणि १९९५ ला जॉर्डन निवृत्ती सोडून मार्चमध्ये परत आला होता की! त्याच्या शिकागोला ऑर्लँडोने हरवलं आणि त्या ऑर्लँडोला, त्यांच्या धिप्पाड सेंटर शाकिल ओनीलसकट, ह्यूस्टनने फायनलमध्ये ४-० ने घरी पाठवलं. त्याआधी सॅन अँटोनियोच्या डेव्हिड रॉबिन्सनला मॅचच्या सुरुवातीला त्या सीझनची एमव्हीपी ट्रॉफी दिली गेली आणि त्याच मॅचमध्ये ओलाजुवॉनने ४१ पॉइंट केले. ह्यूस्टन त्या वर्षी वेस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिम गटात, सहाव्या नंबरवर होतं, इतक्या खालून येऊन दुसरं कुणी टायटल घेतलेलं नाही. ३,८३० ब्लॉक्सचा (समोरच्याचा शॉट हवेतच अडवण्याचा) रेकॉर्ड २००२ ला तो रिटायर झाल्यापासून आजही तसाच आहे. जॉर्डन मोठाच, त्यात वाद नाही, पण म्हणून याला दुय्यम का ठरवायचं?

प्रश्न : मी अकरावीत आहे, कॉलेजकडून खेळतो. रमजानमध्ये रोजा ठेवून प्रॅक्टिस केली तर खेळ बिघडेल असं मित्र म्हणतात. ओलाजुवॉन रोजा ठेवून खेळायचा हे खरं का? – नागपाडा

उत्तर : हो दोस्ता, खरं आहे. १९९५ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच लागला होता, तो दिवसा पाण्याचा थेंब न घेता मॅच खेळला आणि त्या महिन्याचा प्लेयर ऑफ द मंथ त्यालाच मिळाला. पण तो ह्यूस्टनमधला हिवाळा होता, एसी हॉल, सोबत टीमचे डॉक्टर, आणि एवढ्या वर्षांची सवय. मुंबईत फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी उघड्या सिमेंटच्या कोर्टवर धावणं म्हणजे वेगळंच प्रकरण. त्यामुळे धावपळीची प्रॅक्टिस इफ्तारनंतर तास-दीड तासाने ठेव, दिवसा फारतर सावलीत उभ्या-उभ्या फ्री थ्रो मार, आणि सहरीला पाणी भरपूर पी. कोचना पहिल्याच दिवशी सांगून टाक म्हणजे ते तुझी वेळ बदलून देतील. चक्कर आली तर तिथेच थांबायचं, टीमला वाईट वाटेल म्हणून ताणायचं नाही.