पाळी थांबल्यावर वजन उचलायचं? उचला की, ताई!

ताई, पन्नाशीत सुरुवात म्हणजे उशीर नव्हे. पाळी गेली की हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, हाडं झपाट्यानं विरळ होतात. नुसतं चालणं पुरत नाही, वजनही उचलायला हवं. आठवड्यातून 2 दिवस बास, मध्ये आराम. बीपी असेल, हाड मोडलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिला महिना एवढंच:
- हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, 8-10 वेळा
- भिंतीला हात टेकून दंड
- पाण्याची भरलेली घागर उचलणं

घागरीतच सगळ्या चुकतात. कंबरेतून वाकू नका. घागर पायांजवळ घ्या, गुडघे वाकवा, पाठ सरळ, उठताना श्वास सोडा. श्वास कोंडायचा नाही.

सोपं वाटलं की थोडं वजन वाढवा. भाकरीसोबत वरण, मटकी, दही हवंच. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र पहाटेच उरका.